प्रकरण परत पाठवायचे, की निकाल स्वतःच द्यायचा?

तासगावकर : कराडच्या एका सदस्याने काल लिहिले, की उच्च न्यायालयातील रिट (अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्धची याचिका) ही शेतकऱ्याची फसवणूक आहे, तहसीलदाराचा आदेश रद्द होतो आणि प्रकरण पुन्हा त्याच टेबलावर येऊन पडते, त्यापेक्षा न्यायमूर्तींनी नकाशा उघडून रस्ता कुठून जातो ते स्वतःच ठरवावे. हे वाचून मला गप्प बसवेना.

घटनेच्या अनुच्छेद 226 आणि 227 खालचा उच्च न्यायालयाचा हा अधिकार अपिलाचा नाही. सय्यद याकूब प्रकरणात (1964) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की आदेशात कायद्याची उघड चूक असेल तर हस्तक्षेप होतो, पण वस्तुस्थितीबद्दलचा निष्कर्ष चुकला, तो कितीही गंभीर वाटला, तरी तेवढ्यावर होत नाही. बांधावरून पूर्वापार गाडीवाट होती का, हे ज्याने स्थळपाहणी केली आणि पंचांचे जबाब घेतले त्यानेच ठरवायचे असते. नोटीस मिळाली का, म्हणणे ऐकले का, पुरावा विचारात घेतला का आणि आदेशात कारणे दिली का, हे न्यायालय पाहते. शिवाय मोहिंदरसिंग गिल निकालापासून (1978) आदेशात नसलेली कारणे नंतर प्रतिज्ञापत्रातून जोडता येत नाहीत. अधिकाऱ्याला जो काही धाक आहे तो याच नियमाचा आहे. न्यायालयच रस्ते आखू लागले, तर खाली कोणीही कारणे लिहिण्याचे कष्ट घेणार नाही.

कराडकर : ज्यावर आपण एवढे लिहिले ते माझेच मत आहे आणि मी ते मागे घेत नाही. आमच्या चुलत्यांनी मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली, अडवलेली वाट खुली करून मिळावी म्हणून, तहसीलदाराकडे अर्ज केला होता. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करण्याचे बंधन शेतकऱ्यावर आहे आणि ते त्यांनी पाळले. समोरच्या साक्षीदाराचा उलटतपास आम्हाला घेऊ दिला नाही, म्हणून आदेश उच्च न्यायालयात रद्द झाला आणि प्रकरण परत आले. तोवर अधिकारी बदलले, पुन्हा पंचनामा झाला, आणि दरम्यान समोरच्याने वाट नांगरून टाकली होती. ऊसतोड टोळी फडाच्या कडेला येऊन परत गेली, कारण ट्रॉली आत नेता येत नव्हती. आम्ही मुंबईत जिंकलो आणि ऊस उभा वाळला. कारणांचा धाक कोणाला बसला, हे आपण सांगावे.

सांगलीवाडी : शेतरस्त्याचे राहू द्या, इथे आख्ख्या कृष्णा नदीचे तेच झाले आहे. राज्याराज्यांतील पाणीतंट्यात न्यायालयांना अधिकार नाही, असे अनुच्छेद 262 च्या आधारे केलेल्या 1956 च्या आंतरराज्य नदी पाणीतंटा कायद्याचे कलम 11 सांगते. तरीही कृष्णा लवादाचा 2010 चा निवाडा राजपत्रात प्रसिद्ध करण्यास सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2011 मध्ये मनाई केली. कर्नाटकातील अलमट्टी धरणाची पाणीपातळी 519.6 वरून 524.256 मीटरपर्यंत नेण्यास लवादाने दिलेली परवानगी तेव्हापासून लटकली आहे. 2019 आणि 2021 चा पूर घरात घेतलेल्या माणसाला ही मनाई हाच आधार वाटतो. पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने अलमट्टीला दोषी धरले नाही, हे मला ठाऊक आहे आणि मला ते पटलेले नाही.

तासगावकर : अलमट्टीचा इथे काय संबंध? पुराच्या कारणांवर आपण शंभर वेळा भांडलो आहोत.

सांगलीवाडी : संबंध आहे, आणि तो आपल्या विरोधात जातो. कावेरी प्रकरणात कलम 11 चा आक्षेप डिसेंबर 2016 मध्ये फेटाळला गेला आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लवादाचे आकडेच बदलले. तमिळनाडूचे 192 टीएमसी (अब्ज घनफूट) 177.25 वर आणले आणि उरलेले 14.75 कर्नाटकाला दिले, त्यातले 4.75 तर बंगळूरु परिसराच्या गरजेपोटी होते. ही वस्तुस्थितीत ढवळाढवळ नाही, तर काय आहे? राज्यांसाठी न्यायालय टीएमसी मोजते आणि कराडच्या शेतकऱ्यासाठी बांध मोजत नाही, हे मला मान्य नाही.

तासगावकर : आपण दोन वेगळे अधिकार एकत्र करत आहात. कावेरीचे प्रकरण अनुच्छेद 136 खालच्या अपिलात होते. अपिलात पुरावा पुन्हा तोलता येतो, रिटमध्ये तोलता येत नाही. अर्धी माहिती घेऊन लोकांना भडकवू नका.

सांगलीवाडी : भडकवण्याची भाषा करू नका. घरात पाणी आमच्या शिरले होते, आपल्या नाही.

निवृत्त अव्वल कारकून, सातारा : दोघांनीही जरा शांतपणे घ्यावे. मी आयुष्यभर महसुली संचिका बांधल्या आहेत. न्यायालयापुढे जाते ती संचिका, आणि त्या संचिकेतच काही नसते. पक्षकार जुना गट नकाशा दाखवतो आणि घरी घेऊन जातो, वकील तोंडी युक्तिवाद करतात, रोजनाम्यावर (सुनावणीच्या नोंदीत) फक्त ‘उभयपक्ष हजर’ एवढेच उरते. लेखी म्हणणे आणि कागदांची यादी दाखल करून पोच घ्या, असे मी समोर बसलेल्या प्रत्येकाला सांगत आलो. मात्र कराडकरांचे एक खरे आहे. परत आलेल्या प्रकरणात न्यायालयाने मुदत घातली असेल तर ते वर राहते; मुदत नसेल तर ते गठ्ठ्यात जाते.

कराडकर : आपल्या अनुभवाचा मान राखतो, पण कागद दाखल करूनही आमच्या आदेशात त्यांचा उल्लेख नव्हता. आणि तासगावकरांनी जगन्नाथन निकाल (1986) का टाळला? अन्याय टाळण्यासाठी, योग्य प्रकरणात, अधिकाऱ्याने जो आदेश द्यायला हवा होता तो न्यायालय स्वतः देऊ शकते, असे त्यात म्हटले आहे. अधिकार असताना तो वापरला जात नाही, हीच माझी तक्रार आहे.

तासगावकर : निकाल टाळलेला नाही. कागदांवरून एकच निष्कर्ष निघत असेल, तर न्यायालयाने स्वतः आदेश द्यावा, हे मी मान्य करतो. वहिवाटीच्या वादात असे क्वचितच घडते, कारण तिथे जबाबाविरुद्ध जबाब असतो. आपल्या चुलत्यांना खरी गरज होती ती प्रकरण परत पाठवतानाच मुदतीची आणि निकालापर्यंत वाट खुली ठेवण्याच्या अंतरिम आदेशाची. ती मागणी याचिकेत होती का?

कराडकर : मुदतीची नव्हती. अंतरिम आदेशाची होती, आणि ती ‘सर्व मुद्दे खुले’ (म्हणजे सगळे खाली पुन्हा ठरवा) या तीन शब्दांच्या मागे गेली. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) आहे, त्यामुळे पुढच्या वेळी मुंबईचा खर्च तरी वाचेल. दोन्ही मागण्या पहिल्याच परिच्छेदात लिहून घेईन. बाकी आपले म्हणणे मला अजूनही पटलेले नाही.