मदत हवी आहे: राज्यं, टोपणनावं आणि इतिहास घरी कसा शिकवू?

रानजाई
शुक्रवारी लेकाची चाचणी आहे. सगळ्या राज्यांची नावं, टोपणनावं आणि थोडा इतिहास. नावं झाली, गाडी टोपणनावांवर अडली आहे. तक्ता भिंतीवर लावला, दोनदा लिहून घेतलं. काल रात्री साडेनऊला वही मिटली आणि रडायलाच लागला. आज-उद्यात करता येईल असं काही असेल तर प्लीज लवकर सांगा.

पंतोजी
एक लांब आडवी रेघ मारा आणि तीवर राज्यं मांडा. डिसेंबर १९५२ मध्ये पोट्टी श्रीरामुलू वेगळ्या आंध्रसाठी उपोषण करताना वारले, १ ऑक्टोबर १९५३ला आंध्र झालं. मग १ नोव्हेंबर १९५६ची भाषावार पुनर्रचना, १ मे १९६०ला महाराष्ट्र आणि गुजरात, ३० मे १९८७ला गोवा, २ जून २०१४ला तेलंगण. पण टोपणनावं कसली? आपल्याकडे ती परीक्षेत कोणी विचारत नाही.

डोंगरवाट
मुलगा कितवीत? बोर्ड कोणतं? भारतातच आहात ना?

रानजाई
घाईत राहिलंच. आम्ही न्यू जर्सीत असतो. अमेरिकेची ५० राज्यं. चौथीत आहे, चाचणी इंग्रजीत, घरी आम्ही मराठीच बोलतो.

पंतोजी
मग आधी आपली राज्यं शिकवा. मद्रासचं तमिळनाडू १९६९ला झालं, मैसूरचं कर्नाटक १९७३ला. मूल कुठेही वाढो, हे त्याला ठाऊक असायलाच हवं.

रानजाई
हवंच, काका. सुट्टीत नक्की घेते. शुक्रवारी मात्र ओक्लाहोमा विचारणार आहेत.

कोथिंबीर
गाड्यांच्या नंबरप्लेट! आम्ही दर शनिवारी वाणसामान आणायला जातो तेव्हा पार्किंगमध्ये लेक प्लेटा वाचत फिरते. तुमच्या न्यू जर्सीच्या प्लेटवर 'गार्डन स्टेट' आहेच, डेलावेअरवर 'द फर्स्ट स्टेट', कनेक्टिकटवर 'कॉन्स्टिट्यूशन स्टेट'. महिन्याभरात वीसेक आली तिला.

डोंगरवाट
त्यांच्याकडे महिना नाही, दोन दिवस आहेत. शिवाय प्लेटवर टोपणनावच असतं असं नाही. न्यू हॅम्पशरच्या प्लेटवर 'लिव्ह फ्री ऑर डाय' असतं, ते ब्रीदवाक्य. टोपणनाव 'ग्रॅनाइट स्टेट'. मूल तेच लिहून बसेल.

कोथिंबीर
एका प्लेटवरून सगळंच कशाला मोडीत काढता? माझ्या मुलीला आलं, एवढं मला पुरे.

नदीकाठ
रानजाई, तक्ता आजच्या दिवस उतरवून ठेवा. माझ्या दोघांना मी जेवताना एकेक टोपणनावामागची हकीकत सांगायचे. डेलावेअर पहिलं का? कारण ७ डिसेंबर १७८७ला तिथल्या लोकांनी सर्वांत आधी राज्यघटना मान्य केली. टेक्सासला एकच तारा का? १८३६ ते १८४५ तो स्वतंत्र देश होता, त्याच्या झेंड्यावरचा तो तारा. कोलोरॅडो 'सेंटेनियल' का? स्वातंत्र्याला १०० वर्षं झाली त्या १८७६ साली ते राज्य झालं.

ओक्लाहोमाला थोडा वेळ द्या. २२ एप्रिल १८८९ला दुपारी बाराच्या ठोक्याला लोकांनी घोडे आणि गाड्या सोडल्या, जो आधी पोचेल त्याची जमीन. काही जण त्याआधीच आत शिरून लपले होते. इंग्रजीत 'सूनर' म्हणजे 'आधी', म्हणून ते 'सूनर'. माझा धाकटा घास हातात धरून म्हणाला, "म्हणजे चिटिंग केली?" आणि लगेच, "पण ती जमीन होती कोणाची?" हा प्रश्न तुमचा मुलगा विचारेल तेव्हा टाळू नका, एवढीच विनंती. १८३०च्या कायद्यानंतर पूर्वेकडच्या मूळ रहिवाशांना घरंदारं सोडायला लावून त्या भागात आणून टाकलं होतं. राज्याचं नावच त्यांच्यातल्या चोक्टॉ लोकांच्या भाषेतलं, 'ओक्ला' म्हणजे लोक आणि 'हुमा' म्हणजे लाल. नुसतं 'सूनर स्टेट' पाठ करून घेतलं तर हे लोक गोष्टीतून गळूनच जातात.

पंतोजी
हे पटलं. आमच्या भाषावार प्रांतांचा इतिहासही असाच माणसांकडून सांगायला हवा.

सुपारी
भारताचा लाकडी जोडकोड्याचा नकाशा पुण्यात कुठे मिळेल? प्लास्टिकचा नको.

रानजाई
नदीकाठताई, काल जेवताना बारा राज्यं झाली. ओक्लाहोमाला त्यानेही तोच प्रश्न विचारला, आणि ताट वाळेपर्यंत आम्ही तिथेच होतो. आज शाळेत जाताना गाडीत सगळी बारा बरोबर सांगितली. आता इंडियानावर अडलोय. 'हूझियर' म्हणजे काय, लवकर सांगा, तो साडेतीनला येतो.

नदीकाठ
त्या शब्दाचा उगम नक्की ठरलेला नाही, अभ्यासकांचंही एकमत नाही. त्याला तसंच सांगा.

रानजाई
सांगितलं. "मोठ्यांनापण माहीत नाही?" असं तीनदा विचारून झालं, आणि आता वहीत इंडियानापुढे मोठं प्रश्नचिन्ह काढून रंगवत बसलाय. रात्री अजून पंधरा घेते.

सुपारी
नकाशाचं कोणी सांगेल का?