अमळनेर: जळोद ते नीम, तापीकाठाने रोड सायकल जाईल का?

राम राम मंडळी, मदत हवी आहे.

अमळनेरहून रविवारी सकाळी निघून जळोद, तिथून तापीच्या काठाने पाडळसरे, मग पांझरा-तापी संगमावरचं नीमचं कपिलेश्वर मंदिर, आणि परत अमळनेर असा फेरा करायचा आहे. अमळनेर ते जळोद आणि नीम ते अमळनेर हे दोन्ही रस्ते पाहिलेले आहेत, त्यांची काळजी नाही. घोडं अडलंय ते मधल्या तुकड्यावर.

उपग्रह नकाशात काठालगत एक फिकट रेघ दिसते. ती गाडवाट आहे की नुसता बांध, कळत नाही. स्ट्राव्हा या राइड नोंदवायच्या ॲपवरही त्या भागात कोणाची राइड सापडली नाही. मागच्या महिन्यात जळोदकडून जाऊन पाहिलं, तर वाट थेट कपाशीच्या शेतात संपली. वर आदल्या रात्रीचा पाऊस. काळी माती ब्रेक आणि चाकात अशी बसली, की काडीने उकरत सायकल खांद्यावर आणावी लागली.

टायर २८ मिमीचे, म्हणजे अरुंद; ब्रेक चाकाच्या कडेवर दाबणारे (रिम ब्रेक). बाभळीच्या काट्यांसाठी दोन जादा ट्यूब असतात. दोघं आहोत, साडेपाचला निघून नऊपर्यंत घरी यायचं आहे. धुळे रोड सुचवू नका, ट्रकच्या वाऱ्याने जीव मुठीत येतो. डोंगरी सायकल घे, हेही नको!

दिवाळीनंतर जमीन वाळली की जळोद ते पाडळसरे सलग वाट मिळते का? नसेल, तर नदीच्या सर्वांत जवळून जाणारा डांबरी रस्ता कोणत्या गावांवरून आहे?