समुद्रातील तेलगळती नागपूरच्या वर्गात कशी शिकवावी?

प्रश्न: नागपुरातील आमच्या आठवीच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी समुद्र पाहिलेला नाही, त्यांना तेलगळती आणि तिची सफाई प्रयोगातून कशी समजावावी?

उत्तर १: परातीत मिठाचे पाणी घेऊन त्यावर थोडे खाद्यतेल सोडावे, स्ट्रॉचे तुकडे ओवलेल्या दोऱ्याने तवंग अडवावा आणि मुलांना तो कापसाने टिपू द्यावा, नंतर त्यात पिसे बुडवली म्हणजे पक्ष्यांचे हाल त्यांना न सांगताच कळतात, आणि माझ्या मते हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

उत्तर २: साबणाचा थेंब शेवटी टाकावा. त्याने तेल विखुरते, नाहीसे होत नाही, हे आवर्जून सांगावे. २०१० मध्ये मुंबईजवळ दोन जहाजांच्या टकरीनंतर तेल किनाऱ्यावरील खारफुटीत शिरले होते. तेथून ते काढणे फार कठीण असते.