मदत हवी आहे : दोन इंच उंच केलेल्या जिप्सीला मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर कोणते घ्यावेत?

नमस्कार. बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या पठारावर आमची शेती आहे. गावापासून शेतापर्यंतची वाट निम्मी मुरमाची आणि निम्मी उघड्या काळ्या दगडाची असून पावसाळ्यात चाकोऱ्या इतक्या खोल होतात की गाडीचे पोट मधल्या उंचवट्याला घासते. म्हणून माझ्या मारुती जिप्सीचे चारही पाटे (लीफ स्प्रिंग) बदलून ती दोन इंच उंच करून घेतली. मूळ शॉक तात्पुरते ठेवले आहेत, परंतु गाडी नुसती उभी असतानाही ते बरेच ताणलेले असतात आणि चाक खड्ड्यात उतरले की आतला दट्ट्या टोकाला आदळल्याचा आवाज येतो. हे असेच चालू राहिले तर शॉकबरोबर ते जिथे जोडलेले असतात ते चॅसिसवरचे माउंटही तडकतील, अशी मला काळजी वाटते.

पुढच्या शॉकचे माप जुळले आहे. अडचण मागच्यांची आहे. दुकानदार केवळ ‘दोन इंच लिफ्टचे’ एवढे विचारून माल दाखवतात, पण त्याच नावाखाली मिळणाऱ्या शॉकची लांबी वेगवेगळी असते. त्यामुळे मी शॉकच्या वरच्या आणि खालच्या बुशच्या (टोकाच्या रबरी कडीच्या) मध्यापासून मध्यापर्यंत स्वतः मापे घेतली. गाडी रिकामी उभी असताना अंतर ४६ सेंमी आहे. अ‍ॅक्सल बंप स्टॉपला (त्याला आणखी वर जाण्यापासून अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकतो तेव्हा ते ३७ सेंमी होते, आणि रबर दबण्यासाठी आणखी दीड सेंमी धरले तर ३५.५ सेंमी. चाक मोकळे लटकवल्यावर ५६ सेंमी. म्हणजे मिटलेली लांबी ३५.५ सेंमीपेक्षा कमी आणि उघडलेली ५६ सेंमीपेक्षा थोडी जास्त असलेला शॉक हवा. असा नेमका शॉक मला मिळालेला नाही.

जे दोन मिळत आहेत, त्यांपैकी पहिला ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) गॅसचा असून मिटून ३७.५ आणि उघडून ५८ सेंमी होतो. तो बसवायचा तर बंप स्टॉप अडीच सेंमी खाली घ्यावा लागेल. नाहीतर बंप स्टॉपने खायचा मार शॉक खाईल. दुसरा मोनोट्यूब (एकाच नळीचा), मिटून ३४ आणि उघडून ५३ सेंमी. त्यात चाक वर जायला पूर्ण जागा मिळते, पण खाली तीन सेंमी कमी पडतात आणि चाक लटकले की अ‍ॅक्सलचा भार शॉकवरच येतो.

मोनोट्यूबमध्ये तेल आणि वायू वेगळे राहतात, त्यामुळे तेलाला फेस येत नाही आणि उष्णताही लवकर बाहेर पडते. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात दगडी वाटेवर याला महत्त्व आहे. मात्र त्याचा दट्ट्या बाहेरच्याच नळीत फिरत असल्यामुळे दगड लागून खोल पोचा आला की तो अडकतो. ट्विन-ट्यूबची आतली नळी अशा वेळी बहुधा वाचते. आमच्या वाटेवर चाकाखालून दगड सतत उडतात, त्यामुळे माझा कल ट्विन-ट्यूबकडे आहे.

दुसरी शंका रिबाउंडची, म्हणजे दबलेला शॉक परत उघडताना जो रोध करतो त्याची आहे. नवे पाटे मूळ पाट्यांपेक्षा ताठ आहेत, त्यामुळे ते उसळू नयेत म्हणून रिबाउंड वाढवायला हवा हे मला पटते. परंतु तो प्रमाणाबाहेर वाढला तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक खाली यायच्या आतच पुढचा धक्का बसतो आणि गाडी मागून दबत जाते. माझी गाडी एरवी रिकामी असते आणि सुगीत तिच्यात सोयाबीनची पोती असतात. अशा दुहेरी वापरासाठी रिबाउंड रिकाम्या गाडीच्या हिशोबाने ठरवावा की भरलेल्या?

ज्यांनी पाट्यांच्या गाडीचा बंप स्टॉप खाली घेतला आहे, त्यांनी भार असताना तो वारंवार लागतो का, हे कृपया सांगावे. तसेच खालचे माउंट सरकवून ५३ सेंमीचा शॉक बसवणे अधिक योग्य ठरेल का, यावरही जाणकारांचे मत हवे आहे. ब्रेकचा मागचा रबरी पाइप चाक पूर्ण लटकल्यावरही ताणला जात नाही, हे तपासले आहे.