दीर्घायुष्याच्या चळवळीत मुसलमान आणि इतर श्रद्धाळू मंडळींना कसे सामावून घ्यावे?

प्रश्न (चिपळूण)
आमचा छोटा गट वार्धक्य लांबवणाऱ्या संशोधनावर दरमहा चर्चा करतो. परिसरात कोकणी मुसलमानांची वस्ती बरीच असूनही त्यांच्यापैकी एक निवृत्त मुख्याध्यापकच येत असत; मात्र ‘मृत्यूवर मात केली की देवाची गरज उरणार नाही’ असे एका सदस्याने ठासून सांगितल्यापासून तेही येईनासे झाले आहेत. त्यांना, तसेच आमच्याकडच्या वारकऱ्यांना, ही चळवळ आपली वाटावी यासाठी काय करावे?

उत्तर (दापोली)
मी स्वतः मुसलमान आहे, म्हणून जो आक्षेप तुमच्यापुढे हमखास येईल तो आधी सांगतो. अबू दाऊद यांच्या संग्रहातील हदीसनुसार, म्हणजे प्रेषित मुहंमदांच्या वचनानुसार, उपचार करून घ्या, कारण अल्लाहने प्रत्येक आजारावर औषध ठेवले आहे, अपवाद फक्त म्हातारपणाचा. हा अपवाद कोणी पुढे केला तर त्याच हदीसमधील उपचाराच्या आज्ञेकडे लक्ष वेधावे, कारण मधुमेह, हृदयविकार, स्मृतिभ्रंश हे आजारच आहेत आणि ते लांबवणे हेच या संशोधनाचे खरे काम आहे. दीर्घायुषी आणि सत्कर्मी माणूस उत्तम, अशीही हदीस तिर्मिझींच्या संग्रहात आहे. मृत्यूची घटका ठरलेली आहे यावर माझ्या आईची पूर्ण श्रद्धा आहे, तरीही रमजान जवळ आला की सहरी आणि इफ्तारला मधुमेहाची कोणती गोळी किती घ्यायची हे ती डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणते आणि तो कागद फ्रिजवर चिकटवते. अमरत्वाची भाषा शास्त्रालाही धरून नाही: २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ६०० दिवसांच्या उंदरांना रॅपामायसिन हे औषध दिल्यावर त्यांचे कमाल आयुष्य नरांमध्ये ९ आणि माद्यांमध्ये १४ टक्क्यांनी वाढले, इतकेच.

उत्तर (रत्नागिरी)
वरील मताशी सहमत आहे. शुक्रवारची दुपार आणि रमजानमधील संध्याकाळ बैठकीसाठी टाळावी. पूरक औषधांवर बोलताना कॅप्सूलचे कवच कशाचे आहे हेही सांगावे, कारण जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनते आणि हा प्रश्न मुसलमानांइतकाच आमच्या शाकाहारी घरांतही विचारला जातो. पुढे कधीतरी पुन्हा जिवंत करता येईल या आशेने मृतदेह गोठवून ठेवण्याचा विषय मात्र स्वतंत्र ठेवावा. जिथे दफन शक्य तितक्या लवकर करणे हे कर्तव्य मानतात, तिथे ओळखीच्या पहिल्याच दिवशी तो काढणे अनुचित आहे.

उत्तर (मालवण)
अमरत्वाची भाषा श्रद्धेच्या विरोधातच असते, हे मला मान्य नाही. मृतांना पुन्हा जिवंत करणे हे मानवजातीचे सामायिक कर्तव्य आहे असे मांडणारे रशियन विचारवंत निकोलाय फ्योदोरोव (१८२९–१९०३) निष्ठावान ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते, आणि कर्मे करीत शंभर वर्षे जगण्याची इच्छा धरावी असे ईशावास्योपनिषद सांगते. श्रद्धाळूंना केवळ श्रोते म्हणून बोलावू नका. त्या मुख्याध्यापकांच्या घरी जा, झाल्या प्रकाराबद्दल गटाच्या वतीने क्षमा मागा आणि पुढच्या बैठकीचा विषय त्यांनाच ठरवू द्या.