जिन्यातली सायकल आणि पहाटेचे फोटो

बी-३०२ (स. ७.४०)
सोसायटीच्या ग्रुपवरील सर्वांना नमस्कार. गणपतीच्या बैठकीत मी हा विषय मांडला होता, म्हणून पुन्हा लिहिताना संकोच वाटतो. परंतु आज दूध आणायला खाली उतरताना चौथ्या पायरीवर, कठड्याला साखळीने बांधलेल्या सायकलच्या पेडलमध्ये माझ्या साडीचा काठ अडकला आणि मी थोडक्यात वाचले. पहाटे सायकलवरून फोटो काढायला ज्यांना जायचे त्यांनी अवश्य जावे, पण जिना ही सायकल ठेवण्याची जागा नव्हे.

ए-१०४ (स. ७.४६)
काकूंचे म्हणणे योग्य आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे सुटकेचा मार्ग मोकळा ठेवावाच लागतो. कृपया सायकली जिन्यातून हलवाव्यात.

बी-६०१ (स. ८.०५)
काकू, ती सायकल माझी आहे आणि मी आपली मनापासून क्षमा मागतो. पावसाळ्यात खालच्या पार्किंगमधून माझा पुढचा दिवा आणि हँडलबारवरची बॅग चोरीला गेली, तेव्हापासून मी ती वर आणू लागलो. तरीही आपल्याला इजा झाली असती तर हे कारण सांगायला मला तोंड राहिले नसते. आज दुपारपर्यंत सायकल घरात घेतो.

सी-२०२ (स. ८.११)
क्षमा मागितली हे चांगले झाले. पण मला खरोखर कळत नाही की फोटोच काढायचे आहेत तर गाडीने का जाऊ नये? साडेचारला फाटक वाजले की आमच्याकडे लहान बाळासकट सगळे घर जागे होते.

बी-६०१ (स. ८.३२)
दादा, फाटकाबद्दल आपण म्हणता ते मान्य आहे. उद्यापासून आम्ही छोट्या दरवाजातून सायकल उचलून नेऊ. गाडीबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. डोणजे फाट्याच्या पुढे सिंहगड डावीकडे सोडून पानशेतच्या रस्त्याला लागले की खडकवासल्याचे पाणी उजव्या हाताला सोबत करते, आणि जानेवारीत त्यावर धुक्याचा जो पातळ थर तरंगतो तो ऊन वर आले की बघता बघता विरतो. गाडीत बसून तो दिसेपर्यंत वळण मागे पडलेले असते आणि गाडी लावायला जागा शोधण्यातच तो उजेड निघून जातो. सायकलवर वेग कमी असल्याने एखादे बाभळीचे झाड पाण्यापुढे कसे उभे आहे हे आधीच ध्यानात येते आणि दोन पावलांत थांबता येते. खानापूरवरून पाबे घाट चढून खिंडीत पोचलो, तर समोर तोरणा आणि डावीकडे राजगड असे दोन्ही किल्ले दिसतात. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून उगवत असल्याने तोरण्याच्या कड्यांवर थेट कोवळे ऊन पडते आणि राजगड मात्र पाठीमागच्या उजेडात काळसर, कडांनी उठून दिसतो. सूर्योदय सातनंतर असला तरी अंधारात चढायला वेळ लागतो, म्हणून साडेचार.

ए-१०४ (स. ८.३५)
वाचले, सुंदर आहे. सायकली जिन्यातून हलवाव्यात.

ए-५०३ (स. ८.४४)
माझे यजमानही यांच्याबरोबर जातात, म्हणून मी काळजीने लिहिते. मागच्या रविवारी त्यांनी घाटातल्या वळणावर, रस्त्याच्या कडेला सायकल आडवी टाकून फोटो काढला, असे त्यांनीच कौतुकाने दाखवले. सिंहगड आणि पानशेतला जाणाऱ्या गाड्यांची रविवारी काय गर्दी असते हे आपण सगळे जाणतो. फोटो सुंदर होता, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

बी-६०१ (स. ८.५२)
वहिनी, त्यात चूक आमची आहे. वळणावर कधीही थांबायचे नाही, सायकल डांबरापासून पूर्ण खाली घ्यायची आणि मागचा लाल दिवा चालूच ठेवायचा, हे मी त्यांना आजच सांगतो. उतारावर कॅमेरा गळ्यात लटकवायचा नाही, तो पाठीला पट्ट्याने घट्ट बांधलेला हवा. तसे नसेल तर ब्रेक दाबताना तो पोटावर आपटतो आणि लक्ष विचलित होते.

सी-२०२ (स. ९.०१)
नियम सांगायचेच तर आणखी एक सांगतो. गेल्या महिन्यात आपण पाण्यापलीकडचा जो फोटो टाकला होता, त्यात एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) हद्द दिसत होती. लष्करी हद्दीचे फोटो काढू नयेत, हे आपल्यासारख्यांना सांगावे लागू नये.

बी-६०१ (स. ९.०९)
तो फोटो मी त्याच दिवशी काढून टाकला होता, दादा, हे आपल्यालाही ठाऊक आहे. पुन्हा उकरून काढण्याची गरज नव्हती.

बी-३०२ (स. ९.१५)
दोघांनीही शांत व्हावे. माझी तक्रार फक्त जिन्यापुरती होती.

ए-१०४ (स. ९.१६)
सायकली जिन्यातून हलवाव्यात.

सचिव (स. ९.४०)
सोसायटीच्या ऑफिसशेजारची, सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या टप्प्यातली जागा रिकामी करून तेथे भिंतीला लोखंडी कड्या बसवता येतील. खर्च सायकलवाल्यांनी आपसात वाटून घ्यावा, असा प्रस्ताव रविवारच्या बैठकीत ठेवतो. तोपर्यंत प्रत्येकाने सायकल घरात ठेवावी.

बी-६०१ (दु. १.२०)
सायकल घरात नेली आहे. कठड्याला लागलेले साखळीचे वंगणही केरोसीनने पुसून घेतले. काकू, साडीला डाग राहिला असेल तर कृपया कळवा, मी ड्रायक्लीनला देऊन आणतो.

बी-३०२ (दु. १.३८)
डाग गेला. पण त्या धुक्याचा फोटो मला मोठा करून द्या, आमच्या माहेरचे गाव त्याच पाण्याच्या काठी आहे.