मदत हवी आहे: जीसीसीने नीट चालणारं कर्नल क्लँगने बांधलं की बूट होताच रीसेट

बूटसेक्टर (कर्वेनगर, पुणे)

नमस्कार मंडळी,

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं ६४-बिट एक्स८६ कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) आहे. सी-फाइली चाळीसेक, थोडी असेंब्ली, ग्रब या बूटलोडरमधून मल्टिबूट २ ने (कर्नल चढवण्याची ठरलेली पद्धत) बूट. जीसीसी १३ या कंपायलरने बांधलेलं क्यूएमू या एम्युलेटरमध्ये (नकली मशीन) छान चालतं. गाइड म्हणतात क्लँग १८ या दुसऱ्या कंपायलरनेही बांधून दाखवा, आणि तिथेच घोडं पेंड खातंय.

दोन्हीकडे पर्याय तेच: ओ-२, नो-रेड-झोन, एमसी-मॉडेल-कर्नल, नो-स्टॅक-प्रोटेक्टर, नो-स्टडलिब. (पर्याय उच्चाराप्रमाणे लिहिलेत, समजून घ्या. ओ-२ म्हणजे कंपायलरने कोड वेगवान करायचा, ओ-० म्हणजे तसं काही करायचं नाही.)

१. लिंकर (बांधलेले तुकडे जोडणारा) म्हणतो बीसीएमपी (मेमरीचे दोन तुकडे सारखे आहेत का ते सांगणारं फंक्शन) सापडत नाही. आमच्या कोडमध्ये हे नाव कुठेही नाही! शेवटी आम्हीच एक बीसीएमपी लिहिलं: मेमसीएमपीचं (हेही मेमरीचे तुकडे ताडतं, सारखे असले की शून्य) उत्तर शून्य नसेल तर १.
२. बूट झाल्यावर पडदा चमकतो आणि मशीन रीसेट. ओ-० ला होत नाही.
३. टाइमरच्या टिक्सची वाट बघणारा लूप जीसीसीत ओ-२ ला कायमचा अडकायचा, म्हणून ती एक फाइल ओ-० ने बांधत होतो. क्लँगमध्ये ती ओ-२ ला टाकली तर लूप थांबतच नाही, लगेच पुढे!
४. इनलाइन असेंब्लीत एके ठिकाणी ‘ambiguous’ छापाची तक्रार: सूचनेला स्पष्ट प्रत्यय लावा म्हणतो. जीसीसी चूपचाप घेतो.

क्लँगमध्ये बग आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

हेक्सडंप

क्लँगचा बग नाही. चारही ठिकाणी तुमचा कोड कुठेही न लिहिलेल्या गोष्टीवर विसंबून होता.

क्रमांक १. नो-स्टडलिब हा पर्याय लिंकरसाठी आहे. कंपायलरला त्यातून काहीच कळत नाही. तो समजतो की मागे पूर्ण सी-लायब्ररी उभी आहे, त्यामुळे मेमसीएमपीचं उत्तर फक्त शून्याशी ताडलेलं दिसलं की त्याजागी स्वस्तातलं बीसीएमपी घालतो. लिनक्सलाही हाच फटका बसला होता, २०१९ मध्ये त्यांनी लायब्ररीत साधं बीसीएमपी टाकलं. तुम्ही कंपायलरला फ्रीस्टँडिंग (मागे सी-लायब्ररी नाही, असं सांगणारा) हा पर्याय द्या आणि स्वतःचं बीसीएमपी काढून टाका. ते तसंही धोक्याचं आहे: त्यात मेमसीएमपीची तुलना शून्याशीच आहे, म्हणजे कंपायलर त्याचंही बीसीएमपी करणार आणि ते फंक्शन स्वतःलाच हाक मारत बसणार.

फ्रीस्टँडिंग दिलं तरी मेमसीपीवाय, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमसीएमपी ही मेमरी हलवणारी, भरणारी, ताडणारी चार फंक्शनं तुम्हालाच पुरवावी लागतात. नुसतं एक स्ट्रक्चर दुसऱ्यात टाकलं तरी दोन्ही कंपायलर मेमसीपीवायला हाक मारू शकतात.

क्रमांक २ साठी अंदाज नको, लॉग बघा. क्यूएमू केव्हीएमशिवाय (खऱ्या प्रोसेसरची मदत न घेता), टीसीजीवर (त्याच्या स्वतःच्या भाषांतरावर) चालवा. डी-पर्यायाला ‘इंट’ आणि ‘सीपीयू-रीसेट’ द्या, सोबत नो-रीबूट. लॉगमधली पहिली एक्सेप्शन (प्रोसेसरची तक्रार) महत्त्वाची. नंतरची ८ म्हणजे डबल फॉल्ट आणि मग ट्रिपल फॉल्ट हे नुसते परिणाम आहेत. तिथला आरआयपी (चालू सूचनेचा पत्ता) घ्या, अ‍ॅडर२लाइनला द्या आणि ऑब्जडंपमध्ये (कोड सूचनांत उलगडून दाखवणारं साधन) त्या पत्त्यावर कुठली सूचना आहे ते इथे टाका.

बूटसेक्टर

पहिली एक्सेप्शन ६. आरआयपी आमच्या पेज-टेबलच्या सुरुवातीच्या कोडमध्ये. सूचना: एक्सॉरपीएस, दोन्हीकडे एक्सएमएम०. सी-कोडमध्ये तिथे फक्त ३२ बाइटचं एक स्ट्रक्चर शून्य केलंय. फ्लोटिंग पॉइंट औषधालाही नाही.

हेक्सडंप

मग सापडलंच. ६ म्हणजे अवैध सूचना. एक्स८६-६४ वर एसएसई२ (मोठ्या रजिस्टरवर चालणारा सूचनासंच) असणारच हे कंपायलर गृहीत धरतो आणि १६-१६ बाइट एकदम पुसायला एक्सएमएम रजिस्टर वापरतो. पण सीआर४ या नियंत्रण-रजिस्टरमधला ओएसएफएक्सएसआर (एसएसईला परवानगी देणारा) बिट तुम्ही चढवलेला नाही, म्हणून प्रोसेसर ती सूचना नाकारतो. जीसीसीही हेच करू शकतो, तुमच्या बूटच्या वाटेवर योगायोगाने केलं नाही इतकंच.

बिट चढवून मोकळं होऊ नका. इंटरप्ट हँडलरने एक्सएमएम वापरलं आणि तुम्ही ते जपून ठेवलं नसेल, तर ज्या प्रोग्रॅमला मध्येच थांबवलं त्याची आकडेमोड गुपचूप बिघडेल, आणि तो बग शोधताना रात्री जातील. एम-जनरल-रेग्ज-ओन्ली (फक्त साधी रजिस्टर वापर) द्या, दोन्ही कंपायलरना कळतो. लिनक्स एसएसई, एमएमएक्स, एव्हीएक्स एकेक करून बंद करतं. परिणाम तोच.

जुना_खोडरबर (सदाशिव पेठ)

क्रमांक ३ मला आवडला, कारण एकाच चुकीची ही दोन रूपं आहेत. टिक्स साधा इंटिजर आहे ना? लूपच्या आत त्याला कोणी हात लावत नाही, म्हणून जीसीसी तो एकदाच वाचतो आणि जुन्याच आकड्यावर कायमचा फिरत राहतो. क्लँग एक पाऊल पुढे. सी-११ पासूनच्या मानकात अशी मुभा आहे की अट स्थिर नसेल आणि आत व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतूनच वाच, असं कंपायलरला सांगणारी खूण), अ‍ॅटॉमिक किंवा इनपुट-आउटपुट काही नसेल, तर लूप कधीतरी संपणारच असं कंपायलरने धरावं. संपणार आहे आणि करत काही नाही, मग ठेवायचा कशाला? उडवला! जीसीसी सी-भाषेत ही मुभा वापरत नाही.

उपाय: वाचन व्होलाटाइलमधून करा. पॉइंटर व्होलाटाइल इंटचा करून त्यातून वाचणारा छोटा मॅक्रो लिहा, लिनक्समधला रीड-वन्स तेच करतो. अख्खं व्हेरिएबल व्होलाटाइल करू नका, हँडलरमधला प्रत्येक वापर उगाच जड होतो. नो-फायनाइट-लूप्स हा क्लँगचा पर्याय दिलात तर लूप राहील, पण जीसीसीसारखा अडकेल. ते दुखण्यावर औषध नव्हे.

आणि ती ओ-० वाली फाइल आधी बंद करा. ओ-० ने चूक झाकली जाते.

क्रमांक ४: क्लँग इनलाइन असेंब्लीही स्वतःच वाचतो. मेमरीत नुसता स्थिर आकडा टाकताना ‘मूव्ह’ला बी, डब्ल्यू, एल की क्यू (१, २, ४ की ८ बाइट) हे कळायला मार्ग नाही. ग्नू असेंबलर अशा वेळी ३२ बिट धरून चालतो. प्रत्यय लावा. आधी तिथे किती बाइट हवे होते ते मात्र तपासा, कदाचित आजवर चुकीचेच जात असतील. बाहेरचा असेंबलर वापरायला लावणाऱ्या नो-इंटिग्रेटेड-अ‍ॅझने तक्रार मिटेल, पण तात्पुरती.

थोडक्यात, जीसीसी हा सोसायटीचा जुना वॉचमन, ओळखीवर आत सोडतो. क्लँग वहीत सही मागतो.

कोथरूडकर६४

काका, जुना वॉचमनही दर पाळीला बदलतो हो! जीसीसी १० ने नो-कॉमन (एकच ग्लोबल नाव दोन फाइलींत असेल तर लिंकिंगला नकार) डिफॉल्ट केलं, १२ ने ओ-२ लाच व्हेक्टरायझेशन (अनेक आकडे एकाच सूचनेत) सुरू केलं. आज चाललेला कोड १६ वर चालेलच असं नाही.

@बूटसेक्टर, पुढे असं कोडं पडलं तर फाइली वाटून बघ. दोघांचं एबीआय (फंक्शनला हाक मारायची, डेटा मांडायची पद्धत) एकच असल्याने निम्म्या .ओ फाइली जीसीसीच्या, निम्म्या क्लँगच्या घेऊन लिंक करता येतात. बिघाड ज्या निम्म्यात, ते पुन्हा निम्मे. चाळीस फाइली म्हणजे फार तर सहा फेऱ्या. एलटीओ (लिंक करताना होणारं ऑप्टिमायझेशन) बंद हवं आणि एमसी-मॉडेल दोन्हीकडे सारखं.

दोन पर्याय आणखी घाल: नो-स्ट्रिक्ट-एलियासिंग (वेगळ्या प्रकारचे पॉइंटर एकाच जागेकडे असू शकतात असं धर) आणि नो-डिलीट-नल-पॉइंटर-चेक्स. दुसऱ्याचं महत्त्व लिनक्सच्या टन (TUN, नकली नेटवर्क कार्ड) ड्रायव्हरमध्ये २००९ ला दिसलं. पॉइंटर आधी वापरला, नंतर नल आहे का ते तपासलं. वापरलाय म्हणजे नल नसणारच, असं म्हणून जीसीसीने तपासणीच काढली आणि भगदाड पडलं. आणि क्लँगला टार्गेट x८६-६४-एल्फ असं स्पष्ट दे, नाहीतर उबंटूचे पीआयई (कुठल्याही पत्त्यावर चालणारा कोड) वगैरे डिफॉल्ट चिकटतात.

बूटसेक्टर

चारही मिटले! ४ मध्ये खरंच घोळ होता: ६४ बिटच्या नोंदीत ३२ बिटच जात होते, वरचा अर्धा आधीपासून शून्य असल्याने चालत होतं. ओ-२ ला दोन्ही कंपायलरने बूट होतं.

आता लिंकर एलएलडी (क्लँगच्या घरचा) केला तर ग्रब म्हणतो मल्टिबूट हेडर सापडत नाही. ग्नू एलडीने सापडतं.

हेक्सडंप

मल्टिबूट २ चं हेडर फाइलच्या पहिल्या ३२७६८ बाइटमध्ये आणि ८ च्या पटीवर लागतं. लिंकर स्क्रिप्टमध्ये नाव न घेतलेले सेक्शन (फाइलीचे कप्पे) कुठे बसवायचे हे दोन्ही लिंकर आपापलं ठरवतात. हेडरचा सेक्शन टेक्स्टच्याही आधी लिहा आणि कीपमध्ये (हा काढू नको, अशी सूचना) गुंडाळा. ऑर्फन-हँडलिंग-वॉर्न दिलंत की राहिलेली नावं छापून येतील, बहुधा रोडेटाच्या (न बदलणारा डेटा) शेपट्या असतील. रीडएल्फने हेडरचा ऑफसेट (फाइलीतली जागा) बघा आणि आकडा इथे टाका.

बूटसेक्टर

सेक्शन स्क्रिप्टमध्ये नव्हताच. आता ऑफसेट ४०९६, ग्रबला सापडलं.